भारतीय समलैंगिक व्यक्तीने परदेशात आश्रय मागणे योग्य आहे काय?

रावपुरेकर :
बडोद्यातील एका परिचित कुटुंबातील मुलगा शिक्षणासाठी लंडनला गेला. आपण समलैंगिक असल्याने परतल्यावर छळ होईल, असे सांगून त्याने आता तेथे आश्रयासाठी अर्ज केला आहे. घरच्यांनी त्याच्यावर लग्नाची सक्ती केली, हे चूकच झाले. तथापि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून वगळले, त्यानंतरही भारतीयाने असा अर्ज करणे म्हणजे खऱ्या पीडितांच्या रांगेत मध्येच घुसणे होय. युगांडाच्या २०२३ च्या कायद्यात जन्मठेप आणि काही प्रकरणांत देहदंडही आहे. तेथील समलैंगिक माणसाचे भय आणि लग्नाचा तगादा यांना एकाच पंक्तीत बसवायचे काय?

हरणी रोड :
प्रथम एक विनंती : त्या कुटुंबाची ओळख पटेल असे आणखी तपशील येथे देऊ नयेत.

आता मुद्द्याकडे वळतो. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात छळाची पाच कारणे मान्य केली आहेत आणि लैंगिक कल त्यांपैकी ‘विशिष्ट सामाजिक गट’ या कारणाखाली धरला जातो. छळ सरकारनेच केला पाहिजे असे बंधन नाही. घरच्यांनी केलेल्या छळापासून सरकार संरक्षण देते काय, हेही पाहिले जाते. आपल्याकडे मुलगी मैत्रिणीसोबत राहू लागली की वडील हरवल्याची तक्रार नोंदवतात आणि पोलीस त्या सज्ञान मुलीला शोधून घरच्यांच्या हवाली करतात. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना द्याव्या लागल्या : न्यायाधीशांनी त्या व्यक्तीशी कुटुंबीयांच्या गैरहजेरीत बोलावे आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलण्याचा प्रयत्न करू नये. कलम गेल्याने घरचा धाक गेला असता, तर या सूचनांची गरज का पडली असती?

सूरसागर :
ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आपण वाचावा. इराण आणि कॅमेरूनमधील दोन पुरुषांना ‘मायदेशी गुपचूप राहा’ असे सांगून परत पाठवता येणार नाही, असे तेथे ठरले. मात्र जो केवळ घरच्यांच्या दबावामुळे किंवा लोकलाजेस्तव कल लपवील, तो निर्वासित ठरत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट केले आहे. शिवाय देशातच दुसरीकडे सुरक्षित राहता येत असेल, तर अर्ज टिकत नाही. राजपिपळ्याचे मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ मध्ये आपला कल जाहीर केला, तेव्हा त्यांचे पुतळे जाळले गेले आणि कुटुंबाने जाहीर नोटिसा देऊन संबंध तोडले. ते येथेच राहिले आणि इतरांसाठी काम करत राहिले.

मांडवीकर :
ते राजपुत्र होते. सर्वांच्या मागे संस्थानाची पुण्याई नसते.

हरणी रोड :
माझ्या माहितीतील एक तरुण पुण्याला नोकरी करत होता. मामा आणि चुलते गाडी घेऊन त्याच्या खोलीवर गेले, त्याला घरी घेऊन आले आणि फोन काढून घेतला. ‘दुसऱ्या शहरात राहा’ हा उपाय त्याने करून पाहिलाच होता! बँकेचे खाते, आधार, घरमालकाने मागितलेला वडिलांचा क्रमांक, यांतून ठावठिकाणा कळतोच.

रावपुरेकर :
आणि खोटे अर्ज? कल सिद्ध करायचा तरी कसा?

मांडवीकर :
युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये शारीरिक चाचण्या आणि खाजगी चित्रफिती पुरावा म्हणून घेण्यास मनाई केली. त्यामुळे मुलाखतीतील जबानीची सुसंगती पाहिली जाते. कामचुकार अधिकाऱ्याला ते जड जाते खरे, पण खोटेपणाची शंका धार्मिक आणि राजकीय अर्जांबाबतही असतेच. त्यासाठी ते दार कोणी बंद केलेले नाही.

सूरसागर :
पुण्याच्या त्या तरुणाचे प्रकरण मी लग्नाच्या तगाद्यापेक्षा निश्चितच वेगळे मानतो. तरीही त्याने आश्रय मागितला, तर पोलिसांकडे तक्रार केली होती काय आणि त्यांनी काय केले, हे त्याला विचारले जाईल. लंडनच्या मुलालाही तेच विचारले जाईल आणि ते विचारणे गैर आहे, असे मला वाटत नाही.

हरणी रोड :
जरूर विचारावे. फक्त ज्या पोलीस ठाण्यातून घरच्यांना पत्ता मिळतो, तेथेच तक्रार का केली नाही, असा प्रश्न असेल, तर उत्तर प्रश्नातच आहे.