पार्किंग परवान्याचा गैरवापर केल्याची नोटीस आली आहे, खुलासा कसा लिहू?

उंबरठा:
दिव्यांगांच्या राखीव पार्किंगचा परवाना माझ्या नावावर आहे. मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. काठी नाही, व्हीलचेअर नाही, त्यामुळे बघणाऱ्याला मी धडधाकटच वाटते. काल नोटीस आली: गैरवापराची तक्रार आहे, १४ दिवसांत लेखी खुलासा द्या. सोबत तीन फोटो. पहिल्या दोनांत मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालतेय. खाली तक्रारदाराचा शेरा, 'बाई ठणठणीत आहेत'. जाताना मी खरंच बरी चालत होते. परतताना पाय शिशाचे झाले आणि अर्धा तास गाडीत नुसती बसून होते. त्याचा फोटो अर्थातच नाही.

तिसरा फोटो मात्र अडचणीचा आहे. गाडी राखीव जागेत, काचेमागे माझा परवाना, आणि उतरतोय माझा धाकटा भाऊ. मी घरी झोपले होते, तो माझी औषधं आणायला गेला होता. बहिणीचं काम, बहिणीची गाडी, मग काय हरकत आहे, असं त्याला वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं.

एमआरआयसकट सगळी फाइल त्यांच्या टेबलावर आपटावीशी वाटतेय. आणि 'मी मागच्या सीटवर होते' असं लिहून टाकावं, हेही मनात येऊन गेलं.

जुनी_सायकल:
ताई, ते मनात आलं तसंच जाऊ द्या. काही वर्षं अशाच तक्रारींच्या फाइली माझ्या टेबलावर असायच्या. तिसऱ्या फोटोबद्दल खोटं सापडलं, की पहिल्या दोन फोटोंबद्दलचं खरंही कुणी मानत नाही. परवाना माणसाचा असतो, गाडीचा नाही. भाऊ तुम्हाला सोडायला किंवा घ्यायला गेला असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा सरळ लिहा: अमुक तारखेला भावाने माझ्या गैरहजेरीत परवाना वापरला, चूक झाली, यापुढे परवाना माझ्यापाशीच राहील. औषधांची पावती जोडा, पण तिच्या आड लपू नका.

आणि एमआरआय नको. मेंदूवरच्या डागांवरून पाय किती चालतात, हे टेबलामागच्या माणसाला कळत नाही. डॉक्टरांकडून साधं पत्र घ्या. किती चाललं की थांबावं लागतं, पुन्हा उठायला किती वेळ लागतो, आणि एकच माणूस सकाळी चालतो नि दुपारी का अडतो, एवढंच त्यात हवं.

निवांत:
माझ्या बायकोलाही एमएस आहे. पत्रात उष्णतेचा उल्लेख जरूर करून घ्या. अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात. उथॉफ नावाच्या नेत्रतज्ज्ञाने १८९० साली, श्रमानंतर रुग्णांची नजर अंधुक होते हे नोंदवलं होतं. आजही हा प्रकार त्याच्याच नावाने ओळखला जातो. न दिसणारं अपंगत्व ही पळवाट नाही. इंग्लंडमध्ये ३० ऑगस्ट २०१९ पासून ब्लू बॅजच्या, म्हणजे तिथल्या दिव्यांग पार्किंग परवान्याच्या, निकषांत ते स्पष्टपणे आलं आहे.

पायरी:
कडू बोलतो, राग मानू नका. बाबांची व्हीलचेअर बाहेर काढायला गाडीचं दार सताड उघडावं लागतं. राखीव जागेशेजारचे तिरपे पट्टे त्यासाठीच असतात. ती जागा भरलेली दिसली की आम्ही दोन चकरा मारतो आणि घरी परततो. तुमचा तिसरा फोटो मीही काढला असता. पहिले दोन काढले नसते.

उंबरठा:
पायरी, राग नाही. त्या दिवशी त्या जागेसाठी कोण चकरा मारत होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खुलासा पाठवला, दीड पान. भाऊ म्हणाला, माझं नाव घाल. घातलं. परवाना आता पर्समध्ये असतो. पहिल्याच दिवशी तो काचेमागे ठेवायची विसरले आणि निम्म्या वाटेतून परत जावं लागलं. पाय बरे होते म्हणून निभावलं. कुणी फोटो काढला असेल तर चौथा तो.