वायकिंग हिरो, सॅक्सन हिरॉईन आणि बाराव्या भागात रुतलेली माझी कादंबरी

अबोली_पुन्हा

नमस्कार मंडळी, एक मदत हवीय, हसू नका. मला गेली तीन-चार वर्षं वायकिंग रोमान्स वाचायचं व्यसन लागलंय. तेच ते, कव्हरवर उघड्या छातीचा सोनेरी दाढीवाला, त्याच्या दंडावर अर्धवट बेशुद्ध पडलेली सॅक्सन बाई आणि मागे जहाज. मुलं झोपली की मोबाईलवर एक-दोन प्रकरणं. इतकी वाचली की शेवटी म्हटलं मराठीत आपणच लिहू, एका ॲपवर क्रमशः सुरू केली आणि आता बाराव्या भागात गाडी रुतलीय.

गोष्ट अशी. सन ८७८, जानेवारी. गुथ्रम या सरदाराच्या डेन लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडच्या वायकिंगांनी, इंग्लंडातल्या चिपनमवर अचानक धाड घातलीय, तिथल्या सॅक्सन लोकांचा आल्फ्रेड राजा सॉमरसेटच्या दलदलीत लपलाय. त्या गोंधळात थोरकेल नावाचा डेन एका सॅक्सन जहागीरदाराच्या मुलीला, एडिथला, उचलून नेतो. आधी भांडणं, मग एकदा वादळी रात्र, मग प्रेम.

अडचण एक, एका वाचकाने विचारलं की हे दोघं बोलतात कुठल्या भाषेत, आणि माझ्याकडे उत्तर नाही. अडचण दोन, माझी धाकटी बहीण म्हणाली की ज्याने घर जाळलं त्याच्या प्रेमात पडणारी बाई मला चालत नाही, पुढचे भाग पाठवू नकोस. आणि तिसरी म्हणजे संवाद. एडिथ म्हणते, "हे सरदारा, आपण आम्हांस बंदिवान केलेत, परंतु आमचे मन आपण जिंकू शकणार नाही." नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला ही बाई पन्हाळ्यावरून बोलतेय. कुणीतरी सुचवा काहीतरी, वाचक रोज विचारतायत पुढचा भाग कधी.

गावगप्पा

आधी अकरा भाग वाचून आलो मग लिहितोय, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. ताई, गोष्ट पकडून ठेवते हे खरं. पण तिसऱ्या भागात थोरकेलच्या शिरस्त्राणाला शिंगं आहेत ती आजच्या आज काढा. वायकिंग लोकांच्या शिंगवाल्या टोपीचा पुरावाच नाही, ती फॅशन आली १८७६ साली वॅग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेराच्या कपडेपटातून, तिथून ती कॅलेंडरं, कार्टून करत आपल्यापर्यंत.

आणि सातव्या भागात एडिथ बटाट्याचं सूप ढवळतेय! बटाटा अमेरिकेतून आला हो, अजून सहा-सातशे वर्षं वाट बघायची त्याची. टोमॅटो नाही, मका नाही, मिरची तर नाहीच. बार्लीची लापशी, वाटाणे, कोबी, लीक म्हणजे ती कांद्याच्या पातीची जाडजूड बहीण, आणि नदीकाठी ईल मासा. धुरांडंही नको, चूल घराच्या मधोमध आणि धूर छपरातून वाट काढेल तसा. तुमची वादळी रात्र त्या धुरात दोघं डोळे चोळत काढतील, रोमँटिक किती राहील ते तुम्ही बघा.

डर्बीकर_सध्या

मी मूळचा साताऱ्याचा, कामानिमित्त डर्बीत असतो, त्यामुळे माझं घरच या विषयावर उभं आहे असं समजा. डर्बी हे नावच डेन लोकांचं. सॅक्सन लोक या गावाला नॉर्थवर्दी म्हणायचे, डेन आले आणि हरणांचं गाव अशा अर्थाचं नाव पडलं. तो शेवटचा 'बी' म्हणजे आपलं वाडी-गाव. व्हिटबी, ग्रिम्सबी, सगळे तेच.

इथून जवळच रेप्टन आहे. ८७३-७४ चा हिवाळा डेन लोकांच्या मोठ्या फौजेने तिथे काढला, मर्सिया या मध्य इंग्लंडातल्या राज्याच्या राजाला हाकललं, तो बिचारा रोमला गेला आणि तिथेच मेला. मी दोनदा गेलोय. चर्चच्या खाली सॅक्सन काळातलं तळघर आहे, उतरायच्या पायऱ्या झिजून मधे खोलगट झाल्यात, आणि आत चार खांब पीळ घातलेल्या दोरासारखे. मान जपायची, छत बुटकं आहे. या चर्चच्या भोवती फौजेने खंदक खणला आणि चर्चचाच दरवाजा करून टाकला. शेजारी एका योद्ध्याची कबर सापडली, गळ्यात त्यांच्या थोर देवाचा हातोडा, बाजूला तलवार, मांडीवर मोठा घाव, आणि दोन पायांच्या मधे रानडुकराचा सुळा ठेवलेला. का ठेवला असेल ते तुमच्या रोमान्सच्या वाचकांना सांगायला नको.

पण मुद्दा हा नाही. तिथेच एका सामुदायिक कबरीत किमान २६४ माणसांची हाडं निघाली आणि त्यात साधारण पाचातली एक बाई. शिवाय लिंकनशायर, नॉरफोक भागात शेतांमधून डेन पद्धतीच्या बायकांच्या झुबकेदार पिना, म्हणजे ब्रूच, शेकड्यांनी मिळाल्यात. म्हणजे हे लोक नुसते मारा-पळा करत नव्हते, बायकापोरं घेऊन येत होते, राहात होते. ८७६ ला उत्तरेकडच्या नॉर्थंब्रियाची जमीन वाटून घेतली आणि नांगर धरला, ८८० ला गुथ्रमच्या माणसांनी पूर्वेकडच्या ईस्ट अँग्लियात तेच केलं. ताई, तुमची प्रेमकथा धाडीच्या रात्रीत कशाला कोंबताय, दहा वर्षं पुढे न्या. बांधावरून भांडण, उसना बैल, विहिरीवर गाठ, यात काय कमी प्रेम होतं का. आमच्या गावात तर सगळी बांधावरच झाली.

नाठाळ

बहिणीचं बरोबर आहे. सरळ सांगतो, पकडून नेलेली बाई म्हणजे गुलाम. डब्लिनला गुलामांचा बाजार होता आणि माल म्हणून जे विकलं जायचं त्यात बायका होत्या. आइसलँडच्या लोकांचे जीन तपासले तर बापाकडून बहुतेक नॉर्वेकडचे निघतात आणि आईकडून अर्ध्याहून जास्त ब्रिटिश बेटांवरचे. त्यातल्या किती जणी राजीखुशीने जहाजात चढल्या असतील? त्यामुळे "आधी भांडणं, मग प्रेम" हे वाचलं की माझं डोकं फिरतं.

आणि आता कुणीतरी ते आंघोळीचं प्रकरण काढणारच, म्हणून आधीच बोलतो.

गावगप्पा

काढणारच होतो 😄 आंघोळीचं काय ते नीट सांगा, ताईंना माहीत नसेल.

नाठाळ

एक जुनी बखर आहे, वॉलिंगफर्डच्या जॉनच्या नावावर चालते. त्यात लिहिलंय की हे डेन रोज केस विंचरायचे, दर शनिवारी आंघोळ करायचे, कपडे वरचेवर बदलायचे आणि असल्या फालतू चाळ्यांनी इंग्रजांच्या बायका, अगदी बड्या घरच्या मुलीसुद्धा नादी लावायचे. रोमान्सवाल्यांचा हा लाडका पुरावा. शनिवारचं खरंय, आइसलँडमध्ये अजून शनिवारला धुण्याचा वार म्हणतात, आणि यॉर्कच्या उत्खननात शिंगांच्या फण्या ढिगाने मिळाल्या.

पण ही बखर कधीची? १३ व्या शतकातली. आणि हे वाक्य येतं कुठे? १३ नोव्हेंबर १००२ ला एथेलरेड राजाने इंग्लंडातल्या डेन लोकांची कत्तल करायचा हुकूम दिला, त्याच्या वर्णनात. ऑक्सफर्डमध्ये जीव वाचवायला चर्चमध्ये घुसलेल्यांना चर्चसकट पेटवून दिलं. म्हणजे शेजाऱ्याला मारायचं आणि वर म्हणायचं की आमच्या पोरी बिघडवत होता. ही सबब आपल्याला नवीन आहे का?

जुनं_पान

नाठाळ, सबब असली तरी एक गोष्ट त्यातून कळतेच की, शेजारीपाजारी राहात होते, लग्नं होत होती, नाहीतर सबब सुचली नसती. पण मी आलोय भाषेसाठी, अबोलीताईंचा पहिला आणि तिसरा प्रश्न खरं तर एकच आहे.

ते बोलतात कुठल्या भाषेत, तर आपापल्या. जुनी इंग्रजी आणि डेन लोकांची नॉर्स या चुलत बहिणी. घराला दोघांकडे हूस. दगडाला एक स्तान म्हणणार, दुसरा स्टेन. शेपटाकडचे प्रत्यय गाळले, हातवारे केले, की मालवणी आणि घाटी माणूस बाजारात उरकतात तसं उरकत असणार. मग एकमेकांचे शब्द घरात शिरले. अंडं, सुरी, आकाश, कायदा, राग यांचे आजचे इंग्रजी शब्द डेन लोकांकडून आलेत. आणि सगळ्यात भारी म्हणजे 'हसबंड'. हूस म्हणजे घर, बोंडी म्हणजे राहून शेतीभाती करणारा धनी. आपला घरधनी! 'वाईफ' मात्र अस्सल सॅक्सन. इंग्रजीत नुसतं नवरा-बायको म्हटलं तरी डेन नवरा आणि सॅक्सन बायको झाली, तुमची अख्खी कादंबरी दोन शब्दांत.

'विंडो' पण त्यांचाच, विंदाउगा म्हणजे वाऱ्याचा डोळा. सॅक्सन लोक डोळ्याचं भोक अशा अर्थाचा शब्द वापरायचे. आपण गवाक्ष म्हणायचो, गाईचा डोळा. भिंतीला भोक पाडलं की माणसाला डोळाच का आठवतो कोण जाणे. असो, विषय सोडला.

आता संवाद. त्या काळच्या इंग्रजीत आदरार्थी 'तुम्ही' नव्हतं. एका माणसाला 'थू', मग तो राजा असो की गुराखी. म्हणून "सरदारा, आपण आम्हांस" ते आधी काढा, दोघांना एकमेकांना अरे-तुरे करू द्या, एडिथला राजालासुद्धा अरे म्हणू द्या. अर्धं पन्हाळा तिथेच उतरेल.

आणि खरी गंमत पुढे आहे. संस्कृतसारखं त्यांच्याकडे द्विवचन होतं. 'आपण दोघं' याला सॅक्सन लोक म्हणायचे 'वित'. आणि डेन? तेही 'वित'. मी, दगड यात उच्चाराचा थोडा तरी फरक, पण 'आपण दोघं' दोघांच्या तोंडी जवळजवळ एकच. एका हस्तलिखितात, जे एक्सेटरच्या चर्चला १०७२ च्या आधी बिशपने दिलं, एका बाईची १९ ओळींची कविता आहे, तो एका बेटावर आणि मी दुसऱ्यावर असं म्हणणारी, आणि तिच्या शेवटच्या ओळीत हेच 'आपल्या दोघांचं' येतं. मराठीत द्विवचन गेलं पण आपल्याकडे एक हत्यार आहे जे इंग्रजीवाल्यांकडे नाही, आम्ही आणि आपण. एडिथ अकरा भाग "आम्ही सॅक्सन, तुम्ही डेन" करते ना? एके दिवशी बोलता बोलता तिच्या तोंडून "आपण" निघू दे. वादळी रात्र लागणारच नाही.

अबोली_पुन्हा

जुनं_पान, तुमचा पत्ता द्या, पुरणपोळ्या पाठवते. रात्री दीड वाजता हे वाचलं आणि उठून बसले.

पण बहिणीचा मुद्दा उरतोच. थोरकेल तिला उचलून आणतो हे अकरा भाग छापून झालंय. डर्बीकरांचं बांधावरचं प्रेम आवडलं, पण मग ताण कुठून आणू? कुणीच अडवणारं नसेल तर दोघं चौथ्या पानावर लग्न करतील.

डर्बीकर_सध्या

अडवायला आल्फ्रेड आणि गुथ्रम आहेत की. मे ८७८ मध्ये एडिंग्टनला गुथ्रम हरला, ३० माणसांसकट बाप्तिस्मा घेतला, आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला. पुढे दोघांनी लेखी करार केला, तो अजून शिल्लक आहे. हद्द ठरली, थेम्स नदीतून वर, मग ली नदीने उगमापर्यंत, तिथून सरळ बेडफर्ड, मग ऊझ नदीने रोमन रस्त्यापर्यंत. ही ली आजच्या लंडनच्या पूर्वेला वाहते, २०१२ चं ऑलिंपिक झालं तिथूनच.

आणि करारात काय आहे बघा. परवानगीशिवाय इकडचा माणूस, गुलाम असो की मोकळा, तिकडे जायचा नाही, तिकडचा इकडे यायचा नाही. गुरंढोरं, सामान यांचा व्यवहार करायचाच असेल तर आधी ओलीस द्यायचे, म्हणजे समोरच्याची "पाठ स्वच्छ" आहे, मनात दगा नाही, याची खात्री. शब्द त्यांचाच आहे, मला फार आवडतो. नदीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. अजून किती ताण पाहिजे?

गावगप्पा

हे म्हणजे वाघा बॉर्डरवर लव्हस्टोरी झाली. ताई घ्याच.

जुनं_पान

लग्नापर्यंत पोचलात तर एक सांगून ठेवतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बायकोला द्यायची भेट दोन्हीकडे होती, सकाळची देणगी असंच नाव, आणि ती तिच्या मालकीची. श्रीमंताघरी जमीनसुद्धा. दागिना नको, थोरकेलला एखादं शेत द्यायला लावा. आणि प्रेमकविता करायला लावू नका, आइसलँडच्या जुन्या कायद्यात बाईवर प्रेमकविता केली तर माणसाला हद्दपार करायचे. इंग्लंडात तो कायदा नव्हता, पण बाईवर कविता म्हणजे घरच्यांची अब्रू काढणं हा विचार उत्तरेकडचा आहे.

नाठाळ

मला हे पटतंय असं नाही, पण एक सुचलं. ताई, ओलीस कोण देणार? डेन लोक बैल विकायला अलीकडे येणार म्हणजे ओलीस डेन. मग थोरकेललाच ठेवा ना एडिथच्या बापाच्या वाड्यात ओलीस. हत्यार काढून घेतलेलं, रोज तिच्या हातची बार्लीची लापशी, आणि पलीकडच्यांनी दगाफटका केला तर पहिला गळा याचा जाणार. पकडलेला तो, मोकळी ती. जायचं की थांबायचं हे तिने ठरवायचं. असं असेल तर मी वाचतो.

अबोली_पुन्हा

अरे देवा. म्हणजे अकरा भाग काढून टाकायचे?

नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला काढ, तसेही बटाटे होते त्यात. काढतेय. पहिल्या भागाची सुरुवात आत्ता लिहिली, बघा जमतंय का:

*नदीपलीकडून सात बैल आले आणि एक माणूस. बैलांची किंमत ठरायला सकाळ गेली. माणसाची ठरलेलीच होती. बापाने त्याच्या कमरेची सुरी काढून एडिथकडे दिली. ती म्हणाली, "वाकव मान, दारं बुटकी आहेत आमची." तो वाकला नाही, आपटला.*

नाठाळ

सुरी तिच्याकडेच राहू दे. शेवटपर्यंत.