भयकथा, गूढकथा की ‘भेवाच्या गोष्टी’?

पांधणवाट (दारव्हा तालुका): गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर लेखकाची ओळख लिहायचं काम माझ्याकडं आहे. यंदा रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०). लिहिलं, ‘भयकथा वाचाव्या तर मतकरींच्या. भूत कमी, माणूस जास्त. चांगला पंगतीला बसलेला सज्जन शेवटच्या परिच्छेदात असा उघडा पडतो की पानावरून नजर हलत नाही.’ निवृत्त गुरुजींनी ‘भय’ खोडून ‘गूढ’ केलं. दोन्हींत फरक काय हो नेमका?

शुद्धमती: गुरुजी बरोबर. मतकरी स्वतः गूढकथाच म्हणत. भयकथा नारायण धारपांच्या (१९२५–२००८). तिथं संकट बाहेरचं, अमानवी असतं, म्हणून तर त्यांच्या कथांतल्या समर्थ या पात्राला वाचवायला यावं लागतं. मतकरींकडं कोण वाचवणार? दुष्टावा घरातलाच.

वऱ्हाडी_ठेचा: ताई, हे पटलं. पण ‘गूढ’ म्हटलं की आमच्या पोट्ट्यांले गणित वाटते. मी हरभऱ्यात जागलीले जातो, डुकरं येतात म्हणून. घरची इचारते, ‘भेव नाही लागत काय?’ ‘भय वाटते काय’ असं कोण इचारते बाप्पा! फळ्यावर ‘भेवाच्या गोष्टी’ लिहा.

शुद्धमती: ‘भेव’ अपभ्रंश आहे. वाचनालयात तरी प्रमाण मराठी असू द्या.

कपाशीचं_बोंड: अपभ्रंश कसा? भिणे, भ्यालो, भित्रा हे चालतं, मग भेवालाच बंदी का? आणि गूढ म्हणजे लपवलेलं. ‘गुह्य’, ‘गुहा’ त्याच धातूचे. मतकरींची गोष्ट कारण लपवते, म्हणून ती गूढ. भीती नंतर, पुस्तक मिटल्यावर.

साकोलीकर: आमच्या झाडीबोलीत ळ नाही, डोळ्याले डोरा म्हणतो. पुस्तकातली हडळ इकडं आली तर आधी नाव बदलून घेईल.

वऱ्हाडी_ठेचा: 😂 चकव्याले काय म्हणता मग? आमच्या काकाले लागला होता. पांधणीतून निघाले, घडीघडी तोच पळस, तोच धुरा. शेवटी चपला उलट्यापालट्या घातल्या, बिडी पेटवली अन् बसून रायले. उजाडलं तं स्वतःच्याच विहिरीपाशी! मतकरींनी हे लिहिलं असतं तर काकाले वाट चुकवणारा भाऊच निघाला असता, धुऱ्याच्या वादातला.

पांधणवाट: ही गोष्ट तुम्हीच लिहा भाऊ. पण फळ्याचं काय?

साकोलीकर: चकवा हा शब्द चक्रवाकावरून. रात्री जोडीदाराला हाका मारत फिरतो तो पक्षी.

कपाशीचं_बोंड: काहीही! चकणे, चकवणे समोर असताना पक्षी कशाला?

साकोलीकर: हिंदीत त्या पक्ष्याला चकवाच म्हणतात. हिवाळ्यात नवेगावबांधच्या तलावावर या, दाखवतो.

कपाशीचं_बोंड: येतो की. पण पक्षी दिसल्यानं व्युत्पत्ती कशी सिद्ध होईल, ते आधी सांगा.

शुद्धमती: धुरा म्हणजे बांधच ना? आमच्याकडं धुरा बैलाच्या मानेवर असते.

वऱ्हाडी_ठेचा: ते जू, ताई. धुरा वावराचा. त्याच्यापायी कोर्टात जातात लोक.