प्रोग्रेसिव्ह, ब्रेकडाउन, सांधा : ट्रान्स मिक्स अल्बमवर मराठीत लिहिताना

विचारणा

प्रोग्रेसिव्ह ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या शैलीतल्या डीजे मिक्स अल्बमवर (डीजेने गाणी एकमेकांत जोडून सलग केलेल्या अल्बमवर) मराठीत अभिप्राय लिहिताना काही शब्दांपाशी अडायला होतं. 'प्रोग्रेसिव्ह'चा कोशातला अर्थ 'पुरोगामी'. तो इथे चालत नाही. 'ब्रेकडाउन' म्हणजे बिघाडही नव्हे. आणि 'मिक्सिंग जमलेलं नाही' हा शेरा इतका मोघम की नेमकं काय खटकलं ते कळत नाही. जाणकारांनी शब्द सुचवावेत.

प्रतिसाद १

'प्रोग्रेसिव्ह'साठी आपल्याकडे तयार शब्द आहे : बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेणं. या शैलीत दर १६ किंवा ३२ बारांनी (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) एखादा थर वाढतो. आधी किक (ड्रमचा खोल ठोका) आणि हाय-हॅट (झांजेचा ठोका), मग बेस (खर्जातले सूर), मग पॅड (मागे लांबत राहणारे सूर), धून सगळ्यात शेवटी. मधल्या वेळात फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारी सोय) इतका सावकाश उघडतो की बदल झाल्यावरच लक्षात येतो. चांगल्या मिक्स अल्बमला अशीच एक मोठी बढत असते : सुरुवात मिनिटाला १२८ ठोक्यांच्या आसपास, शेवट १३४-१३६ वर. म्हणून 'बढत घाईची वाटली' असं लिहिलं की वाचणाऱ्याला नेमकं समजतं.

'ट्रान्स' मात्र तसाच ठेवावा. 'तंद्री' किंवा 'समाधी' केलं तर शैलीचं नावच हरवतं. ठुमरीचं कोणी भाषांतर करत नाही.

'संकलन' हा शब्दही इथे अपुरा पडतो. साशा आणि जॉन डिग्वीड या ब्रिटिश डीजेंच्या १९९६ च्या 'नॉर्दर्न एक्स्पोजर'मध्ये गाणी इतरांचीही आहेत, पण क्रम आणि जोड या दोघांचे. 'मिक्स अल्बम' हेच बरं.

प्रतिसाद २

ब्रेकडाउनला 'विसावा' म्हणावं. किक आणि बेस निघून जातात, पॅड आणि धून उरते. त्यानंतर किक आणि बेस परत येतात त्या क्षणाला, म्हणजे 'ड्रॉप'ला, 'सम' सुचवतो.

प्रतिसाद ३

दोन्ही अर्धेच पटले. विसावा ब्रेकडाउनच्या पहिल्या भागापुरता खरा. पुढे स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) दाट होत जातो, सूर वर सरकतो. तिथे 'चढण' म्हणावं लागेल. सम तर दर आवर्तनाला येते, ड्रॉप एका गाण्यात एकदा-दोनदाच. नामाऐवजी क्रियापद घ्या : 'किक समेवर परतते'. अर्थ तंतोतंत बसतो, कारण ती नव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरच येते. प्रोग्रेसिव्ह ट्रान्समध्ये हे परतणं सौम्य असतं, त्यामुळे 'धमाका', 'स्फोट' असले शब्द टाळावेत.

प्रतिसाद ४

खरी अडचण 'मिक्सिंग'ची आहे. दोन गाणी जिथे एकमेकांत जातात त्या जागेला 'सांधा' म्हणा. सांधा बेमालूम असतो, दिसतो, निखळतो. क्रियापदं आयती मिळतात. मग दोष वेगवेगळे सांगता येतात.

पहिला, लय सुटणं. एक गाणं मिनिटाला १३० ठोक्यांवर आणि दुसरं १३०.५ वर असेल, तर मिनिटभरात अर्ध्या मात्रेचा फरक पडतो. सुरुवातीला प्रत्येक किक दुहेरी ऐकू येते, मग दुसरी किक दोन ठोक्यांच्या मधोमध पडू लागते आणि ठेका घोड्याच्या टापांसारखा होतो. प्रसिद्ध झालेल्या अल्बममध्ये हा दोष क्वचित सापडतो.

दुसरा, पट्टी भांडणं. लय पक्की असते, पण नव्या गाण्याचा पॅड जुन्या धुनेला बोचतो. डीजे यासाठी कॅमेलॉट चक्र (प्रत्येक पट्टीला आकडा आणि अक्षर देणारा तक्ता) वापरतात : ८ए म्हणजे ए मायनर, आणि त्याला ७ए, ९ए किंवा ८बी सहज जुळतात. पट्टी-कुलूप (वेग बदलला तरी पट्टी तीच ठेवणारी सोय) न लावता वेग सुमारे ६ टक्के वाढवला, तर गाणं अर्ध्या स्वराने चढतं. १३० वरून १३२ वर नेलं तर चढ जेमतेम पाव अर्धस्वराचा, तो तयार कानालाच जाणवेल.

तिसरा दोष लोक सर्वांत कमी ओळखतात : आवर्तन, म्हणजे १६ किंवा ३२ बारांचा फेरा, चुकणं. १३२ च्या लयीत ३२ बार म्हणजे साधारण ५८ सेकंद. नवं गाणं आठ बार उशिरा सोडलं तर जुन्याचा विसावा सुरू झाला तरी नव्याचा बेस आलेला नसतो, आणि मध्येच पोकळी जाणवते.

शिवाय दोन्ही बेस एकदम उघडे राहिले की सांधा घुमतो. एकाचा बेस उतरवून त्याच मात्रेवर दुसऱ्याचा चढवावा लागतो.

थोडक्यात, 'मिक्सिंग जमलेलं नाही' ऐवजी असं लिहा : 'चौथ्या-पाचव्याचा सांधा लयीत घट्ट, पण पट्टी भांडते, पॅड आठ बार आधीच आत येतो.'

प्रतिसाद ५

एक भर. गाणं बदलताना क्षणभर शांतता ऐकू आली तर त्याला सांध्याचा दोष म्हणू नका, 'खंड' म्हणा. एमपी३ करताना फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता जोडली जाते, आणि प्लेअरमध्ये सलग वाजवण्याची सोय नसेल तर ती ऐकू येते. तोच अल्बम एकाच अखंड फाइलमध्ये किंवा तबकडीवरून ऐकून मगच अभिप्राय लिहावा.