बाळाला ऐकू कमी येतं, मशीन लागलंय, घरी काय करायचं?

सातारची_आई: मुलगी ८ महिन्यांची आहे, बेरा टेस्टमध्ये (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का बघणारी तपासणी) दोन्ही कानांना बराच लॉस निघाला, मशीन लागलं पण ऐकण्या-बोलण्याची थेरपी आठवड्यातून एकदाच आणि सासूबाई म्हणतात आपल्याकडे मुलं उशिराच बोलतात, काढून ठेव ते मशीन. काय करू?

ऑडिओ_नाशिक: ताई काढू नका, झोप आणि अंघोळ सोडली तर दिवसभर कानात हवंच. खरंतर १ महिन्यात तपासणी, ३ पर्यंत निदान आणि ६ महिन्यांच्या आत मशीन-थेरपी सुरू व्हायला हवी, म्हणून आता अजिबात गॅप नको. आणि थेरपी मुख्यतः घरीच होते, भरवताना, लंगोट बदलताना चेहरा समोर ठेवून बोला, ती जिकडे बघते त्याबद्दलच बोला. पुढच्या सेशनला आजींनाही न्या, बघितलं की पटतं त्यांना.

दोन_पिल्लांचा_बाबा: जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (लहान मुलांच्या अशा अडचणींवर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र) आहे का बघा. मशीनने फायदा कमी वाटला तर कॉक्लियर इम्प्लांटचं (ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र) लवकर विचारा, केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या अडिप योजनेत लहान मुलांचं होतं, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत माहिती मिळेल.

गौरीची_मावशी: आमच्या घरी सगळेच साइन (खुणांची भाषा) शिकले, आजोबासुद्धा! साइनमुळे मूल बोलत नाही असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

सातारची_आई: थँक्यू सगळ्यांना, सासूबाईंना पुढच्या वेळी नक्की घेऊन जाते.