विषय: माउंटन बाइकच्या फ्रेमचे माप – उंची १७१ सेंमी, मीडियम घ्यावी की लार्ज?

प्रेषक: निनाद, सनीव्हेल

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आपल्या सायकल गटाबरोबर मी गेल्या उन्हाळ्यापासून भाड्याच्या सायकलीवर अरास्त्राडेरो आणि चायना कॅम्पच्या वाटांवर येत आहे. आता स्वतःची माउंटन बाइक घेण्याचे ठरवले आहे. उंच उड्या मारण्याचा विचार नाही. चढ स्वतःच्या पायांनी चढावा आणि मग अरुंद, वळणावळणाच्या वाटेने निर्धास्तपणे उतरता यावे, एवढीच अपेक्षा आहे. अडचण मापाची आहे. माझी उंची १७१ सेंमी, म्हणजे पाच फूट सात इंचांच्या किंचित वर. एका कंपनीच्या तक्त्यात मी सरळसरळ मीडियममध्ये बसतो, दुसरीच्या तक्त्यात मीडियम आणि लार्ज यांच्या सीमेवर येतो. ट्रेक कंपनीकडे या दोहोंच्या मध्ये ‘एम/एल’ असे आणखी एक माप आहे, आणि स्पेशलाइज्डच्या काही मॉडेलांवर तर ही अक्षरेच नसून एस१ ते एस६ असे क्रमांक आहेत. एका दुकानात फक्त लार्ज शिल्लक होती. तेथे ‘छोटा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावून देतो, अगदी बरोबर बसेल’ असे सांगण्यात आले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपला,
निनाद

प्रेषक: मृणाल, ओकलंड

निनाद यांस नमस्कार.

ज्या दुकानात एकच माप शिल्लक असते, तेथे ते माप येणाऱ्या प्रत्येकाला बसते, त्यामुळे तो सल्ला तूर्त बाजूला ठेवावा.

उंचीवरून माप सांगणारा तक्ता निरुपयोगी नाही, परंतु त्याचे काम चार मापांतली दोन बाद करण्यापुरतेच आहे. १७१ सेंमी उंचीच्या दोन माणसांपैकी एकाचे पाय लांब व धड आखूड आणि दुसऱ्याचे नेमके उलट असू शकते, आणि एकच फ्रेम या दोघांना सारखी बसत नाही. म्हणून आधी दोन मापे घ्या. पहिले पायांच्या आतल्या बाजूचे. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा, पुठ्ठ्याच्या बांधणीचे एखादे जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून सीटवर बसल्याइतके घट्ट वर दाबा, त्याची एक कड भिंतीला टेकलेली असू द्या म्हणजे ते तिरके होणार नाही, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घरातल्या कोणाकडून तरी मोजून घ्या. पँटच्या लेबलावरचा आकडा येथे चालत नाही. दुसरे माप दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे. ते उंचीपेक्षा चांगले पाच-सहा सेंमी अधिक भरले, तर सीमेवरच्या माणसाने मोठ्या मापाचा विचार करायला हरकत नाही.

यानंतर पाहायचा आकडा म्हणजे रीच. क्रँकच्या, म्हणजे पेडलांच्या दांड्यांच्या, आसातून सरळ वर एक रेघ गेली आहे अशी कल्पना केली, तर त्या रेघेपासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या तोंडाच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. उतारावर आपण पेडलांवर उभे असतो, शरीर केवळ पाय आणि हात या दोन ठिकाणी सायकलला टेकलेले असते आणि सीटचा संबंध जवळजवळ सुटतो, म्हणून त्या वेळी सायकल लांब वाटेल की आखूड हे मुख्यतः रीच ठरवते. आजच्या ट्रेल सायकलींत मीडियमचा रीच साधारण ४४५ ते ४६० मिमी आणि लार्जचा ४७० ते ४८५ मिमी असतो. अक्षर कंपनीगणिक बदलते, मिलिमीटर बदलत नाहीत. तुलना त्यांचीच करावी.

हे आकडे पाहून कोणी म्हणेल की दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मीडियमचा रीच ४१० च्या आसपास होता, मग आजची मीडियम फारच लांब झाली. तसे नाही. समजा, दोन्ही सायकलींच्या पुढच्या नळीचे तोंड क्रँकच्या आसापासून ६२० मिमी उंचीवर आहे. जुन्या सायकलीच्या सीटच्या नळीचा कोन ७३ अंश असे, म्हणून बसल्यावर सीटपासून पुढच्या नळीपर्यंतचे आडवे अंतर ६०० मिमी भरे. नव्या सायकलीचा रीच ४५५ धरला तरी सीटच्या नळीचा कोन ७७ अंश, म्हणजे सीट बरीच पुढे सरकलेली, आणि तेच अंतर ५९८ मिमी भरते. शिवाय जुन्या सायकलीवर ८५ मिमीचा स्टेम असे, नवीवर ४० मिमीचा असतो. दोन्हीकडे रीच आणि स्टेम यांची बेरीज ४९५ मिमीच येते. म्हणजे उभे राहिल्यावर हात जवळजवळ होते तेथेच राहतात, पुढचे चाक मात्र त्यांच्या पुढे सरकते, आणि उभ्या उतारावर हँडलवरून तोंडघशी पडण्याची भीती त्यामुळेच कमी होते. दुकानदाराचा छोटा स्टेम येथे निरुपयोगी ठरतो, कारण आजच्या सायकलीवर तो आधीच छोटा असतो. ४० चा ३५ करून पाचच मिलिमीटर हाती लागतात.

फ्रेमची दोन्ही मापे बसत असतील तेव्हा वाट कोणती, हे पाहा. चायना कॅम्पसारख्या नागमोडी वाटांवर आखूड सायकल चटकन वळते. मोठी फ्रेम वेगात स्थिर राहते, पण सपाट वळणावर आपण अंग पुढे टाकले नाही तर पुढच्या चाकावर भार राहत नाही आणि ते घसरते. नवशिक्या माणसाला भीतीपोटी मागे सरकण्याची सवय असल्याने हा दोष त्याला अधिक जाणवतो. तुमच्या वर्णनावरून मी मीडियम म्हणेन. मापे मात्र कळवा.

मृणाल

प्रेषक: निनाद, सनीव्हेल

मृणालताई, सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार.

पुस्तकाच्या पद्धतीने पायांचे माप ७९ सेंमी आले, पसरलेल्या हातांचे १७४ सेंमी. सध्या दोन मीडियम सायकली डोळ्यांसमोर आहेत. पहिलीचा रीच ४५० आणि स्टॅक ६१०, दुसरीचा रीच ४४० आणि स्टॅक ६३० असे कंपन्यांच्या पानांवर दिले आहे. पहिली मला लांब पडेल का?

जाता जाता आणखी एक विचारतो. सौ.ची उंची १५८ सेंमी आहे आणि मुलगा तेरा वर्षांचा, १६० सेंमी आहे. दोघांनाही या हंगामात आमच्याबरोबर यायचे आहे. मुलगा झपाट्याने वाढत असल्याने त्याला थेट मीडियम घ्यावी, असे घरात मत आहे.

निनाद

प्रेषक: सुहासकाका, फ्रीमाँट

चि. मृणाल आणि निनाद, अनेक आशीर्वाद.

तुमचे मिलिमीटर वाचून अंमळ गोंधळलो. पुण्यात आमच्या काळी सायकल बावीस इंची की चोवीस इंची एवढाच प्रश्न असे. तो आकडा चाकाचा नव्हे, फ्रेमचा. पाय जमिनीला टेकला की सायकल आपली, आणि टेकत नसेल तर दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचे. येथे आल्यावर १९९० च्या दशकात मी माउंटन बाइक घेतली तेव्हाही १७, १९, २१ असे इंच होते, आणि दुकानदाराने पायांचे माप सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याला ०.२२६ ने गुणले होते. त्या हिशेबाने निनादचे माप ७९ गुणिले ०.२२६, म्हणजे जवळजवळ १८ इंच येते. ते सूत्र आजही अनेक ठिकाणी दिलेले दिसते. मग ते सोडून देण्याचे कारण काय?

सुहासकाका

प्रेषक: प्रसाद, सांता क्रूझ

सुहासकाकांना सादर नमस्कार.

काका, सूत्राचा गुणाकार चुकलेला नाही, ज्या नळीला तो लावायचा ती नळी बदलली आहे. १९७० च्या दशकात मरिन काउंटीत माउंट ताम (तामलपायस) डोंगराच्या उतारांवर जुन्या श्विन सायकली घेऊन मंडळी उतरू लागली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टंपजंपर ही माउंटन बाइक बाजारात आली, तेव्हा माप सांगण्याची रीत रस्त्यावरच्या सायकलींकडूनच घेतली गेली होती: क्रँकच्या आसापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी. दांडी बरीचशी आडवी असल्यामुळे ही नळी जितकी उंच तितकी सारी फ्रेमच मोठी, आणि म्हणून एका आकड्यावरून बाकीच्यांचा अंदाज येत असे. पुढे दांडी मागच्या बाजूला उतरती झाली आणि ड्रॉपर पोस्ट आली (रॉकशॉक्सची रिव्हर्ब २०१० सालची), म्हणजे हँडलवरचा खटका दाबून चालत्या सायकलीवर सीट खाली घेता येऊ लागली. सीट भरपूर खाली जावी म्हणून सीटची नळी सर्वच मापांत आखूड करण्यात आली. १८ इंच म्हणजे सुमारे ४५.७ सेंमी, एवढी नळी आज लार्जला किंवा क्वचित एक्स्ट्रा लार्जलाच असते. सूत्र पाळले तर निनाद ज्या फ्रेमवर जाऊन बसतील तिचा रीच त्यांच्यासाठी तीन-चार सेंटिमीटर जास्त असेल.

सीटच्या नळीचा हिशेब वेगळ्या कारणासाठी अजूनही करावा लागतो. पायांच्या मापाला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण मिळते. निनादच्या बाबतीत ती ७० सेंमीच्या जवळ येते. मीडियमची नळी ४३ सेंमी धरली तर वर २७ सेंमी उरतात. ड्रॉपरचा वरचा-खालचा जाड भाग आणि सीट यांना मिळून नऊएक सेंमी लागतात, म्हणजे १७० मिमीचा ड्रॉपर काठोकाठ बसतो आणि १५० चा सहज बसतो. नळी ४८ सेंमी असती तर १२५ मिमीवर समाधान मानावे लागले असते. ड्रॉपर नळीत पुरेसा खोल जातो की आत कुठे अडतो, हे मात्र दुकानात प्रत्यक्ष घालून पाहावे.

निनाद, तुमच्या दोन सायकलींविषयी. स्टॅक म्हणजे पुढच्या नळीच्या तोंडाची क्रँकच्या आसापासूनची उभी उंची. ही नळी मागे कललेली असते, त्यामुळे हँडल वर घेण्यासाठी स्टेमखाली कडी घातली की ते वर जाता जाता मागेही येते. ६५ अंशांच्या कोनात १० मिमीच्या कडीने हँडल सुमारे ९ मिमी वर आणि ४ मिमी मागे येते. पहिल्या सायकलीवर हँडल दुसरीइतके उंच करायला २२ मिमीच्या कड्या लागतील, आणि तेवढ्याने तिचा ४५० चा रीच ४४१ होईल. थोडक्यात, मापाच्या दृष्टीने या दोन्ही सायकली एकच आहेत. ज्या दुकानातून पुढची देखभाल नीट होईल तेथून घ्या. नुसता रीच वाचून सायकल लांब किंवा आखूड ठरवणारे लोक या ठिकाणी हमखास फसतात.

प्रसाद

प्रेषक: मृणाल, ओकलंड

सर्वांना नमस्कार. प्रसादच्या पत्रानंतर निनाद यांच्या मापाविषयी सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही; हातांचे माप उंचीपेक्षा तीनच सेंमी जास्त आहे, त्यामुळे मीडियमच. वहिनींविषयी आणि मुलाविषयी लिहिते.

वहिनींनी १५८ सेंमी उंचीला स्मॉलपासून सुरुवात करावी, रीच ४१५ ते ४३० च्या दरम्यान. पाय आखूड असतील तर एक्स्ट्रा स्मॉलही चालवून पाहावी. स्त्रियांसाठी वेगळी फ्रेम घ्यावीच असे नाही. लिव्ह ही कंपनी अशा फ्रेम बनवते, इतर बऱ्याच कंपन्यांनी वेगळी भूमिती सोडून एकाच फ्रेमची मापे खालपर्यंत वाढवली आहेत. खरा त्रास फ्रेमवर बसवलेल्या सुट्या भागांचा असतो. ८०० मिमी रुंद हँडल छोट्या सायकलीवरही तसेच येते, आणि त्याने हात इतके फाकतात की योग्य मापाची फ्रेमसुद्धा लांब वाटू लागते. ते ७४० ते ७६० पर्यंत कापून घ्यावे, मात्र थोडे थोडे, कारण कापलेले परत जोडता येत नाही. ब्रेकच्या मुठी बोटांजवळ आणण्याचा स्क्रू असतो, तो फिरवून घ्यावा. क्रँक १६५ मिमीचा मागावा. मागचे चाक २९ इंची असेल तर उभ्या उतारावर मागे सरकताना टायर अंगाला लागण्याची शक्यता असते, म्हणून काही कंपन्या छोट्या मापांत मुद्दाम २७.५ इंची चाके देतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मुलाला मीडियम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेचा सदरा वाढत्या अंगाचा शिवला तर बाह्या दुमडून वर्ष काढता येते. सायकलचा रीच दुमडता येत नाही. वजनाने हलका मुलगा लांब फ्रेमवर मागेच बसून राहतो, पुढच्या चाकाला त्याचा भार पोहोचत नाही, पहिल्याच सैल मातीच्या वळणावर ते निसटते आणि मग मूल उतरायलाच घाबरते. १६० सेंमीला त्याला स्मॉल द्या, तीही ज्या कंपनीच्या तक्त्यात १६० हा आकडा स्मॉलच्या खालच्या टोकाजवळ येतो तिची, म्हणजे वर वाढायला जागा राहते. सीटच्या पुढे, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर त्याच्या आणि दांडीच्या मध्ये चार-पाच सेंमी मोकळे असावेत. नंतर त्याला पेडलांवर उभे राहून, कोपरे किंचित वाकवून, एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये शक्य तितके लहान वर्तुळ दोन्ही बाजूंनी काढायला सांगा. गुडघा हँडलला लागला तर फ्रेम लहान आहे. बाहेरचा हात ताठ होऊन खांदा पुढे खेचला गेला तर मोठी.

नवीच घ्यावी असाही आग्रह नको, या वयात दोन वर्षांत ती बदलावीच लागते. आमच्या धाकट्याची स्मॉल आता त्याला आखूड पडते. रीच ४२५, सीटची नळी ३९ सेंमी, चाके २७.५ इंची, मागचा टायर झिजला आहे, तो बदलावा लागेल. येत्या रविवारी जोकिन मिलर पार्कच्या रेंजर स्टेशनपाशी सकाळी आठला आम्ही भेटणारच आहोत, तेव्हा ती गाडीवर टाकून आणते. मुलाला हेल्मेट आणि ज्या बुटांवर तो सायकल चालवणार आहे तेच बूट घालून आणा, म्हणजे सीटची उंची नीट लावता येईल.

मृणाल