फ्यूजनमध्ये खरा कस कुठे: दाबण्यात की आधीच्या तयारीत?

उद्यमबागकर काका
काल इथे एकाने लिहिलं, "प्लाझ्मा जोरात दाबला की झालं फ्यूजन, बाकी किरकोळ." फ्यूजन म्हणजे हलके अणू जुळवून ऊर्जा काढणं, आणि प्लाझ्मा म्हणजे त्यासाठी प्रचंड तापवलेला वायू. पण नुसतं दाबलं की झालं, हे मला अजिबात पटत नाही. तीस वर्षं फाउंड्रीत गेली माझी. साचा ओला राहिला तर भट्टी कितीही चांगली असू दे, कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, पडणारच. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत काय करतात बघा की. बोटाच्या पेराएवढी बेरिलियमची नळी, आत ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजनचा वायू. आधी 10 टेस्लाच्या आसपास चुंबकीय क्षेत्र लावतात, मग लेझरने वायू तापवतात, आणि शेवटी दोनेक कोटी अँपिअरचा प्रवाह शंभरेक नॅनोसेकंदांत नळी चिरडतो. क्षेत्र नसेल तर इलेक्ट्रॉन उष्णता घेऊन थेट भिंतीकडे पळतात. मग दाबून दाबायचं काय?

शिक्षिका, खानापूर
काका, साच्याचं उदाहरण पटलं, पण पुढचं नाही. तिथे प्रत्येक शॉटला नळीचा चुरा होतो आणि दिवसाला जेमतेम एक शॉट बसतो. वीजघर असं चालेल का? माझे वडील आजही रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला रानात जातात, कारण थ्री फेज तेव्हाच येते. त्यांना रोजची, सलग वीज हवी. आपल्या गांधीनगरच्या संस्थेत 'आदित्य' टोकामाक, म्हणजे प्लाझ्मा न चिरडता चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवणारं यंत्र, 1989 मध्ये सुरू झाला, पैसा त्या वाटेवर घालावा.

निपाणीकर
नळीच फुटते असं नाही, ताई. कॅनडाच्या जनरल फ्यूजन कंपनीची मूळ कल्पना द्रवरूप धातूच्या भिंतीची आहे, ती पुन्हा भरून येते. पण त्यांचा दाब संथ, मिलिसेकंदांचा. तेवढा वेळ प्लाझ्माने आपली ऊब धरून ठेवायला हवी. म्हणजे दाब जितका सावकाश, तितकी आधीची तयारी पक्की लागते. काकांचाच मुद्दा बळकट होतो इथे.

शिक्षिका, खानापूर
तयारी अवघड आहे, हेच तर मी म्हणते!

उद्यमबागकर काका
अवघड आहेच. लेझर आत जातो तो प्लास्टिकच्या पातळ पडद्यातून. पडद्याचा कार्बन वायूत मिसळला की उष्णता प्रकाशरूपाने निघून जाते. लेझर जास्त दिला तर मिसळ वाढते, कमी दिला तर वायू थंड. आम्ही ओतण्याआधी लॅडलमधल्या, म्हणजे ओतायच्या भांड्यातल्या, वितळलेल्या धातूवरची मळी काढतो, इथे काढायला सवडच नाही. म्हणून पडदा आणखी पातळ करणं, लेझरचा ठोका टप्प्याटप्प्याने देणं, यावर पैसा घालावा असं माझं मत.

शिक्षिका, खानापूर
घालावा, पण एका शॉटला किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली, तो आकडा आधी मांडा. वडिलांना मी तोच सांगणार.